चपला, स्पीकर आणि शुक्रवारची प्रार्थना

पत्र: आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, नवरा कंपनीत. माहेर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. चार वर्षं झाली, दर शुक्रवारी साडेसात ते नऊ आमच्याकडे प्रार्थना होते. पंधराएक जण येतात, कीबोर्ड असतो, एक छोटा स्पीकर. खालचे काका दोनदा बोलून गेले. मग सेक्रेटरींनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, ‘कोणत्याही फ्लॅटमध्ये धार्मिक कार्यक्रम घेऊ नये.’ आणि पंधरवड्यापूर्वी चार पोरं दारात आली. ‘काय चालू आहे बे इथं?’ म्हणत मोबाइलवर व्हिडिओ काढला, ‘धर्मांतराचे धंदे बंद करा, नाहीतर पाहून घेऊ’ म्हणाली. तेव्हापासून येणारे निम्म्यावर आले. नवरा म्हणतो नाताळ होईस्तोवर बंद कर, यंदा ताराही नको. पाळकसाहेब म्हणतात, मागे हटलीस तर साक्ष गेली. त्यात दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर गळ्यातला क्रॉस आत घाल म्हणतात. मी भित्री आहे का?
– दोन्हीकडून कोंडलेली

ताई,

काका, सेक्रेटरी आणि ती चार पोरं यांना तुम्ही एकाच रांगेत उभं केलंय, आणि गफलत तिथंच झाली आहे. काकांना तुमच्या प्रभूशी काही देणंघेणं नाही; त्यांना शुक्रवारी संध्याकाळी डोक्यावर धमधम नकोय. सेक्रेटरींना कटकट नकोय. त्या पोरांचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते सरळ पोलिसांचं काम. तुम्ही काकांसमोर श्रद्धेचं धैर्य दाखवताय आणि पोरांसमोर गप्प बसलाय. हे उलटं करायचं आहे.

आधी काका, कारण ते सगळ्यात सोपं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळातसुद्धा मर्यादा ५५ डेसिबल आहे, दहानंतर ४५. ‘दहापर्यंत सगळं चालतं’ हा सार्वत्रिक गैरसमज. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असंही तेच नियम म्हणतात. माणसाचं साधं बोलणं मीटरभर अंतरावर साठच्या आसपास असतं. म्हणजे स्पीकरला जागाच उरत नाही. आणि हे ऐकून ‘आमच्यावरच का’ असं मनात आलं असेल तर सांगते, प्रार्थनेसाठी इतरांची शांतता मोडा असं कोणताच धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ज्या खटल्यात म्हटलं तो खटला चेन्नईतल्या एका चर्चचाच होता.

पंधरा माणसांना एका हॉलमध्ये स्पीकर लागत नाही. तो या शुक्रवारपासून बंद. कीबोर्डचा प्रश्न वेगळा आहे: खर्जाचे सूर आणि ठेक्यावर आपटणारे पाय भिंतीतून नाही, स्लॅबमधून खाली जातात. म्हणून खिडक्या लावूनही काकांना ऐकू येतं आणि तुम्हाला वाटतं ते उगाच बोलतात. जाड सतरंजी घाला, सगळे खाली मांडी घालून बसा, कीबोर्डऐवजी पेटी किंवा गिटार घ्या. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर जास्त रंगतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. नऊऐवजी साडेआठला उठा.

आता चपला. हसू नका. पंधरा जोड चपला पॅसेजमध्ये पडल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला दर आठवड्याला ‘इथं काहीतरी चाललंय’ अशी पाटी वाचायला मिळते. भाजीवाल्यांकडे असतात तसे दोन प्लास्टिकचे क्रेट आणा आणि चपला दाराच्या आत घ्या. सात-आठ गाड्या खालच्या पार्किंगमध्ये कुणाच्याही जागेत लागता कामा नयेत. बाहेर रस्त्यावर, तेही गेट अडणार नाही अशा लावा, आणि हे पाहायला एक माणूस नेमा. निघताना जिन्यात गप्पांचा फड जमतो, तो सगळ्यात जास्त खुपतो. दोन-दोन, तीन-तीन जण करून निघा. याहून बरं म्हणजे चार घरांची पाळी लावा. महिन्यातून एकदाच एका घरी पंधरा माणसं आली तर ते पाहुणे. दर आठवड्याला त्याच घरी आली तर शेजाऱ्यांच्या लेखी ते ‘केंद्र’ होतं.

केंद्र होऊ न देणं कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. स्वतःच्या घरात घरच्यांनी आणि चार पाहुण्यांनी प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण दारावर बोर्ड, छापील वेळापत्रक, पॅसेजमध्ये खुर्च्यांची चळत, दानपेटी किंवा क्यूआर कोड दिसू लागला की निवासी फ्लॅटचा वापर बदलला असं म्हणायला आयती जागा मिळते. अर्पण घरी घेऊच नका, आणि कुणाच्या वैयक्तिक खात्यावर तर मुळीच नको. ते रविवारी उपासनेत मंडळीच्या ट्रस्टकडे, पावतीसह.

सेक्रेटरींचा मेसेज हा ठराव नाही. तुमची स्कीम सोसायटी असो वा अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असो, सर्वांना बांधणारा नियम सभेत, इतिवृत्तावर आणि उपविधीला धरून व्हावा लागतो. तरी ग्रुपवर उत्तर देऊ नका. विशेषतः ‘मग तुमचा गणपती आणि सत्यनारायण कसा चालतो?’ हे वाक्य गिळून टाका. मुद्दा खरा आहे, पण त्या एका वाक्यात तुम्ही बिल्डिंगमधली सगळी घरं समोरच्या बाजूला लोटाल. अर्ध्या पानाचं पत्र द्या: आवाज, पार्किंग आणि वेळ यांबद्दल सर्व फ्लॅटना सारखा लागू होईल असा लेखी नियम सभेत करावा, आम्ही तो पाळू, स्पीकर आम्ही आजपासून बंद केला आहे. खाली तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर सही. उद्या कुणी ‘यांना दहादा सांगितलं’ म्हणालं तर हाच कागद कामाला येईल.

आता ती चार पोरं. पंधरवडा उलटला असला तरी तक्रार करा. उशीर का झाला ते एका ओळीत लिहा – भीती वाटली, घरात सल्लामसलत चालली होती, जे खरं असेल ते. तक्रारीत बहुतेक जण एक चूक करतात: फक्त ‘धमकी दिली’ असं लिहितात. नुसत्या धमकीची ठाण्यात अदखलपात्र नोंद होते, हातात एनसीचा कागद येतो आणि पुढे काही हलत नाही. तुमच्याकडे उपासना चालू होती आणि ती थांबवली गेली. कायदेशीरपणे चाललेल्या धार्मिक उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खालचा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद, आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. म्हणून अर्जात क्रम असा ठेवा: किती वाजता प्रार्थना सुरू झाली, कोणतं गीत किंवा वाचन चालू होतं, ते कसं थांबलं, मग कोण काय बोललं, शब्द जसेच्या तसे. पोरांनी उंबरठा ओलांडला होता की नाही तेही स्पष्ट लिहा. ओलांडला असेल तर गृहअतिक्रमणाचं कलम ३२९ लागतं, नसेल तर उगाच लिहू नका. एक खोटं वाक्य बाकीची दहा खरी वाक्यं पाडतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. गुन्हा नोंदवला तर प्रत मोफत मिळते. नाकारलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाच्या फीची काळजी नको: विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. राज्य अल्पसंख्याक आयोगालाही एक प्रत टाका.

बिल्डिंगच्या सीसीटीव्हीचं चित्रण जुनं पुसलं जात नवं चढत राहतं, त्यामुळे आजच सेक्रेटरींकडे त्या संध्याकाळचं फुटेज लेखी मागा. तुमच्यापैकी कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो कापू नका, त्यावर अक्षरं टाकू नका, मूळ फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की दर्जा उतरतो आणि मूळ तपशील गळून पडतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

पुन्हा कुणी आलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं, कारण त्या क्षणी सगळे एकदम बोलतात आणि व्हिडिओत नेमकं तेच येतं. ग्रिलचं दार बंद ठेवा. बोलायचं फक्त तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने, कारण घर तुमचं आहे. पाळकसाहेबांनी पुढे यायचं नाही, ते पुढे आले की पाहुण्याचा ‘प्रचारक’ होतो. वाक्य एकच: ‘ही आमच्या घरची प्रार्थना आहे. आत यायला परवानगी नाही. तक्रार असेल तर पोलिसांकडे द्या, मी ११२ लावतेय.’ आणि खरोखर लावा. एकाने आतून व्हिडिओ काढायचा, एकाने लेकरांना बेडरूममध्ये न्यायचं. आवाज चढवून गीत म्हणायचं नाही, वचनं ऐकवायची नाहीत, वाद तर नाहीच. पोलीस आले तर नाव-पत्ता सांगा, पण ‘यापुढे प्रार्थना करणार नाही’ अशा मजकुरावर किंवा कोऱ्या कागदावर कुणीही सही करायची नाही. साक्षीदार म्हणून स्त्रीला घराबाहेर कुठे हजर राहायला भाग पाडता येत नाही, जबाब घरीच घ्यावा लागतो. अटकेचा प्रसंग आलाच तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करता येत नाही, अपवाद फक्त महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतली असेल तर.

आता जरा कडू लागेल असं. धर्मांतराचा संशय नेहमी बाहेरून येत नाही, पुष्कळदा तो आपल्याच फोनमधून बाहेर पडतो. प्रार्थनेच्या ग्रुपवर ‘आज दोन नवीन आत्मे’, ‘कापणी मोठी आहे’, ‘ही वस्ती प्रभूसाठी जिंकू या’ असं सर्रास लिहिलं जातं. मंडळीत वाढलेल्याला ते रोजचे शब्द वाटतात. स्क्रीनशॉट शेजाऱ्याच्या हाती पडला की तीच ओळ जमीन ताब्यात घेण्याची भाषा वाटते. जिंकणं, गड, युद्ध, कापणी – हे शब्द ग्रुपवरून काढा. आलेल्यांचे फोटो स्टेटसला ठेवू नका.

फोटोंचं आणखी एक कारण आहे, आणि नागपुरात ते फार नाजूक आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका बाईंच्या प्रकरणात बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून जातीचं प्रमाणपत्र हवं, हे मान्य केलं नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं प्रमाणपत्र असेल, तर एका फोटोने तुम्ही त्यांच्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर बोट ठेवायला जागा करून देता. प्रार्थनेला बसल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. पुढचं पाऊल टाकायचं की नाही ते त्यांनी वकिलाशी बोलून, परिणाम समजून, स्वतः ठरवावं. तुम्ही घाई करू नका आणि ‘कागदावर काही सांगू नका’ असा सल्लाही देऊ नका. तो खोटेपणाच आहे.

संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा: विचारलं तर सांगा, पण सांगण्याला पैसा, नोकरी, शाळेचा प्रवेश, रेशनची पिशवी यातलं काही चिकटू देऊ नका. गरजूंना ब्लँकेट द्यायची असतील तर ज्या दिवशी प्रार्थना त्या दिवशी नको. दुसऱ्याची अठराच्या आतली मुलं आईबापांच्या लेखी संमतीशिवाय बसवू नका. कुणाच्याही देवाबद्दल वावगा शब्द नको, थट्टेतही नको. हेतुपुरस्सर भावना दुखावणं हा आपल्यालाही लागू असलेला गुन्हा आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण ‘बरं होशीलच’ असं वचन देऊ नका आणि गोळ्या चालू ठेवायला सांगा. तुम्ही नर्स आहात, त्या हॉलमध्ये हे सगळ्यात ठासून तुम्हीच सांगू शकता. आणि मंडळीतली तरुण पोरं सौंसर-छिंदवाड्याकडे सभांना जात असतील तर त्यांना सांगा, सीमा ओलांडली की मध्य प्रदेशचा २०२१ चा कायदा लागू होतो. तिथं धर्म बदलण्याच्या ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

क्रॉसचं थोडक्यात. इन्चार्ज सिस्टरांना एकच विचारा: मंगळसूत्र, काळा धागा, ताईत, साखळी, सगळ्यांनाच आत घालायला सांगितलंय का? रुग्णाच्या अंगावर लोंबणारी कोणतीही वस्तू जंतुसंसर्गाच्या दृष्टीने वाईटच, तेव्हा नियम सगळ्यांना असेल तर क्रॉस आत घाला आणि विषय सोडा, हा छळ नाही. फक्त क्रॉसलाच असेल तर नियम लेखी मागा. ड्यूटीवर मात्र आपणहून रुग्णाला ‘प्रार्थना करू का?’ असं विचारू नका. पलंगावरचा माणूस तुमच्या सुईवर आणि औषधावर अवलंबून आहे, तो ‘नको’ म्हणायला बिचकतो. त्याने मागितली तर दोन वाक्यं, हळू आवाजात, नातेवाइकांसमोर.

‘मी भित्री आहे का?’ पाळकसाहेबांना आपण मान देऊ, पण साक्ष आणि स्पीकर यांची गल्लत त्यांनी करू नये. दिवा मापाखाली ठेवू नका असं सांगणाऱ्यानेच, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून दिसण्यासाठी प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावा, असंही सांगितलं आहे. दोन्ही मत्तयाच्याच शुभवर्तमानात, एका पानाच्या अंतरावर. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, हेही त्यात आहे. आणि पोलिसांत जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रेषितांची कृत्ये उघडावं. फिलिप्पैमध्ये पौलाला चौकशीशिवाय फटके मारले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जा म्हणून निरोप आला. त्याने नाही म्हटलं. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं सांगून तो तिथंच बसून राहिला. यरुशलेमेत चाबूक उगारला तेव्हाही त्याने आधी नागरिकत्वच पुढे केलं. तुमचा अर्ज त्याच जातकुळीतला आहे.

नवऱ्याचंही पूर्ण चुकीचं नाही. घरात लेकरं असतील, त्याची काळजी खरी आहे. त्याच्याशी असा सौदा करा: एक शुक्रवार सुट्टी, पण पुन्हा सुरू होण्याची तारीख आजच ठरलेली. तारीख न ठरवता बंद केलेली प्रार्थना पुन्हा सुरू होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या रिकाम्या शुक्रवारी दोघं काकांकडे जा. स्पीकर काढल्याचं सांगा, ‘आवाज आला तर थेट मला फोन करा’ म्हणून नंबर द्या. प्रभूविषयी त्या दिवशी अवाक्षर नको.

तुमच्या लेकरांना शाळेत ‘तुम्ही कधी बाटलात?’ असं कुणी विचारलं तर त्यांना भांडायला शिकवू नका, माहिती द्या. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले ते १८४५ साली. संध्याकाळी ज्या टेकडीवर अर्धं शहर फिरायला जातं तिचं सेमिनरी हिल्स हे नाव सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं. उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तीही याच शहरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. लेकरू एवढं सांगू शकलं की समोरचं लेकरू पुढचा प्रश्न डब्यात काय आहे हाच विचारतं.

कॅरलची फेरी काढणार असाल तर ज्या घरांनी बोलावलं त्यांचीच यादी करा, आठ-दहा घरं, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं, गिटार आणि ढोलकी, साडेनऊला घरी. रस्त्यावर मिरवणुकीसारखं चालायचं किंवा स्पीकर लावायचा असेल तर मंडळीच्या लेटरहेडवर मार्ग, वेळ, संख्या आणि स्वयंसेवकांची नावं देऊन पोलीस ठाण्यात आणि वाहतूक शाखेत पंधरा दिवस आधी अर्ज, आणि परवानगीची प्रत पुढे चालणाऱ्याच्या खिशात. रस्त्यातल्या अनोळखी मुलांना सांताक्लॉजने वचन चिकटवलेलं चॉकलेट वाटू नये. व्हिडिओ व्हायरल होतो तो नेमका त्याचाच. बिल्डिंगमध्ये नाताळचा फराळ दरवर्षीसारखा सगळ्यांकडे द्या, करंज्या, शंकरपाळे, केक. ताटाखाली पत्रक सरकवायचा मोह मात्र आवरा.

आणि तारा लावा. तुमची बाल्कनी आहे, तुमचा सण आहे, त्यासाठी कुणाला विचारायचं कारण नाही. ग्रिलच्या आत टांगा, म्हणजे तो दिसेल पण कुणाच्या जागेत लोंबणार नाही; आत एलईडी दिवा, टायमर संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. वायर आतून घ्या. खाली सोडलीत तर ती बरोबर काकांच्या तुळशीवर येईल.